जप्तीतले कंदील

व्हर्लिन बकनर समन्स लिहीत होता, तेव्हा त्याचा स्वतःचा गणवेश चौथ्या मशिनमध्ये फेसात गरगरत होता. अंगावर कोपरं विरलेला स्वेटर आणि शेतावर घालायची मळकी विजार. अशा अवतारात वन्यजीव खात्याचा वॉर्डन कोणाला वाटणार? टेबल नव्हतं म्हणून चालू ड्रायरच्या पत्र्यावर कागद ठेवून तो लिहीत होता, आणि ड्रायर थरथरत असल्यामुळे अक्षरंही हीव भरल्यासारखी उमटत होती.

"नाव?" त्यानं विचारलं.

"तुझी आई तुला माझ्या मांडीवर टाकून चर्चमध्ये गायला उभी राहायची," मिस डेल्फिया म्हणाली. "आणि तू मला नाव विचारतोस?"

"विचारावं लागतं, मिस डेल्फिया. नियम आहे."

"मग लिही. डेल्फिया ग्रिंडस्टाफ. धंदा, धुलाई आणि आमिष. वय अंदाजानं घाल, पण कमी घाल."

हे बोलत असताना तिचे हात थांबले नव्हते. कोणाच्या तरी चादरीची घडी ती घालत होती, आणि एक टोक धरायला तिनं ते व्हर्लिनच्याच हातात दिलं. त्यानं पेन दातांत धरून चादर ताणली. खिडकीपाशी काचेची टाकी होती. तिच्या तळाशी, गुळगुळीत दगडांवर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते मासे शांत बसले होते.

मिस डेल्फियाचं दुकान गावाच्या टोकाला, पुलाच्या अलीकडे आहे. पाटीच्या एका बाजूला 'धुलाई' लिहिलंय आणि दुसऱ्या बाजूला 'जिवंत आमिष'. बाहेरगावचे लोक गाडी थांबवून त्या पाटीचा फोटो काढतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मासे धरायला निघालेला माणूस सकाळी इथून गळासाठी डबाभर मिनो मासे नेतो, आणि संध्याकाळी चिखलानं माखून परतला की कपडे इथंच टाकतो. एकच गिऱ्हाईक दोनदा येतं, यात कसलं वेडेपण? पुढच्या खोलीत मशिनं, मागच्या खोलीत सिमेंटचा हौद. हौदात बोटभर लांबीचे मासे, गळाला लावायला. ते पकडून विकायचा परवाना तिच्याकडे लग्नाआधीपासून होता. (लग्न झालं तरी आमच्याकडे वडीलधारी बाई 'मिस'च राहते.)

हे मासे ती हिकरी ओढ्यातून आणायची. उजाडताना कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरायची, दोन काठ्यांचं जाळं घेऊन. नवरा होता तोवर दुसरी काठी तो धरायचा. तो गेल्यावर ती एक काठी दगडांत रोवून दुसरी स्वतः फिरवायला शिकली. दुकान ही तिची कमाई होती, पण ओढा हे तिचं माहेर होतं म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात पाण्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात तिची फक्त टोपी पुलावरून दिसायची. मी शाळेची बस चालवायचो. पुलावर आलो की वेग कमी करून हॉर्न वाजवायचो, आणि धुक्यातून एक हात वर यायचा.

जाळ्यातल्या गर्दीत कधीकधी एक वेगळाच मासा यायचा. करंगळीएवढा, तळाला टेकून बसणारा, पोहण्यापेक्षा उड्या मारणारा. एरवी मातकट. पण वसंतात डॉगवुडची झाडं फुलली की त्याच्या नराचं पोट आतून दिवा लावल्यासारखं नारिंगी व्हायचं आणि कल्ल्यांवर निळसर हिरवी झाक यायची. आमच्याकडे त्याला कंदील म्हणतात. गळाला लावला की लगेच मरतो, म्हणून आमिषाच्या कामाचा नाही. बाकीचे लोक तो काठावर फेकून द्यायचे. मिस डेल्फिया तो बाजूला काढून टाकीत सोडायची. तिचं म्हणणं साधं होतं. दिवसभर लोक मशिनसमोर बसून आपलेच कपडे बघतात, त्यापेक्षा हे बघतील.

आणि खरोखरच बघायचे. त्या खोलीत एक ऊब असायची, साबणाचा वास, मशिनांची एका सुरातली घरघर, आणि समोर पाण्यात हे एवढेसे दिवे. भांडून आलेली नवराबायको तिथं अर्ध्या तासात मवाळ झालेली मी पाहिली आहेत. काही जण तर कपडे स्वच्छ असताना यायचे.

मग एका वसंतात एल्डन व्हिटसेट नावाचा तरुण शास्त्रज्ञ कपडे धुवायला आला. कुठल्याशा विद्यापीठानं त्याला एका हंगामापुरतं पाठवलं होतं, डोंगरातल्या ओढ्यांमध्ये नाहीसे होत चाललेले मासे शोधायला. साबणाचा डबा हातात धरून तो टाकीसमोर जो उभा राहिला तो उभाच राहिला. त्याचं मशिन थांबलं, दुसऱ्या कोणीतरी त्याचे कपडे बाहेर काढून ठेवले, तरी त्याला पत्ता नाही. सगळा हंगाम तो ज्या माशासाठी ओढ्याओढ्यांत पालथा पडला होता तो इथं खिडकीत, प्लास्टिकच्या फुलांशेजारी बसला होता. त्यानं मिस डेल्फियाला चक्क मिठी मारली. मग त्याचा चेहरा पडला. हा मासा कधीचाच संरक्षित यादीत गेला होता. तो घरात ठेवणं गुन्हा होता, आणि दिसला तर खात्याला कळवणं त्याला बंधनकारक होतं. जाण्याआधी त्यानं तिची तीनतीनदा माफी मागितली. ती म्हणाली, "जा बाबा, तुझं काम कर," आणि ड्रायरमध्ये राहिलेले मोजे त्याच्यामागे धावत जाऊन त्याला दिले.

यादीची खबर गावात कोणाला होती? हाच मासा चुकून मिनोंच्या डब्यात गेला असता, कोणाच्या तरी गळाला लागून मेला असता, तर कुत्रंही भुंकलं नसतं. काचेमागे जिवंत ठेवला, सांभाळला, म्हणून समन्स. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काही खोटं नाही.

गंमत म्हणजे व्हर्लिन स्वतः किती वर्षं दर गुरुवारी त्या टाकीसमोर बसत आला होता. बायको सोडून गेल्यापासून त्याच्या घरचं मशिन बिघडलेलंच होतं, आणि दुरुस्त करावं असं त्याला कधी वाटलं नाही. हरणाचा माग, अस्वलाची नखं, टर्की, ट्राउट यांतलं त्याला सगळं कळायचं. बारीक माशांबद्दल त्याला कोणी काही शिकवलंच नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. खात्याचा चरितार्थ शिकाऱ्यांच्या आणि ट्राउट धरणाऱ्यांच्या परवान्यांवर चालतो. ज्याला कोणी मारत नाही, कोणी खात नाही, त्याच्यासाठी पैसे येणार कुठून? तीन तालुक्यांना मिळून व्हर्लिन एकटा, आणि त्याच्या गाडीचा हीटर चालू करायला खालून लाथ मारावी लागते.

समन्स लिहून झालं. आता कायद्याप्रमाणे मासे जप्त करायचे. व्हर्लिननं दुकानातूनच विभागीय कचेरीत फोन लावला आणि माल कुठं आणून देऊ असं विचारलं. तिकडून कळलं की खात्याची मत्स्यशाळा फक्त ट्राउटची आहे. ज्यांची शिकार होत नाही अशा माशांचं काम बघणारा एक माणूस असतो, पण ती जागा रिकामी आहे. कधी भरणार? अंदाजपत्रकात सोय झाली की. मग जप्त केलेल्या माशांचं करायचं काय? पलीकडचा माणूस म्हणाला की स्पिरिटच्या बाटलीत घालून आण. मेलेला पुरावा हाही पुरावाच असतो.

व्हर्लिननं फोन ठेवला. चौथं मशिन थांबलं होतं. त्यानं गणवेश काढून ड्रायरमध्ये टाकला, नाणी घातली आणि टाकीसमोरच्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. एक कंदील उडी मारून काचेजवळ आला आणि पुढच्या परांवर रेलून त्याच्याकडे बघत राहिला. मी तेव्हा माझ्या पायमोज्यांच्या जोड्या लावत होतो, म्हणून हे मला माहीत आहे. तो बराच वेळ तसाच बसला, आणि मग उठून अगदी खात्याच्या आवाजात बोलला.

"मिस डेल्फिया, हा माल मी जप्त केला आहे. नेण्याची सोय होईपर्यंत तो इथंच, तुमच्या ताब्यात राहील. विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, ओढ्यात सोडायचा नाही, मरू द्यायचा नाही. दर गुरुवारी मी तपासणीला येईन."

"आणि खायला?"

"खात्यात त्याची तरतूद नाही."

"मग आरोपीच घालेल," ती म्हणाली, आणि चादर कपाटात ठेवायला गेली.

इथून पुढचा काळ आठवला की मला तो सलग एकाच दुपारसारखा वाटतो. गुरुवार यायचा, व्हर्लिन यायचा. आता तो साध्या कपड्यांत येत नसे. तपासणी सरकारी म्हणून एक गणवेश अंगावर आणि दुसरा पिशवीत. टाकीसमोर वाकून पाहायचा, हवेचा पंप ऐकायचा, पाण्यात बोट घालून थंडावा बघायचा. मग मिस डेल्फिया त्याला मक्याचा ब्रेड आणि घेवड्याचं पातळ द्यायची. आरोपीच्या हातचं खाणं नियमात बसत नाही, असं तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी वाटी पुसून खायचा. खाऊन झालं की खुर्चीवर त्याचा डोळा लागायचा. बाहेर पाऊस, आत मशिनं, त्याच्या मिटल्या पापण्यांवर टाकीतल्या पाण्याची जाळी हलायची. ती आवाज न करता त्याचा गणवेश इस्त्री करून ठेवायची.

झोपेतून उठल्यावर तो कधीकधी स्वप्न सांगायचा. स्वप्नात सगळं खोरं पाण्याखाली असायचं आणि तो तळाशी बसलेला असायचा. चर्च, पूल, शाळेची बस सगळं वरून संथपणे जायचं, आणि त्याला श्वासाची गरजच नसायची. "मग तू कंदील झालास," ती म्हणायची. "तुझ्यावर पण केस टाकायला पाहिजे."

कोर्टात तारखा पडत होत्या. मासा संरक्षित जातीचाच आहे हे शपथेवर सांगायला तज्ज्ञ हवा. एल्डनचा हंगाम संपला आणि तो दूर दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला. खात्यातली ती जागा रिकामीच. जज्ज लव्हडे चष्म्यावरून बघायचे, "खात्याचा तज्ज्ञ आला आहे का?" विचारायचे, व्हर्लिन उभा राहून "अजून नाही, साहेब" म्हणायचा, आणि पुढची तारीख मिळायची. मिस डेल्फिया त्या दिवशी चर्चची टोपी घालून जायची. जातायेताना दोघं व्हर्लिनच्याच गाडीत असायची, कारण तिची गाडी डोंगर चढत नाही.

दुसऱ्या वसंतात एक अडचण झाली. पुराव्याला पिलं झाली. दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवलेली मिस डेल्फियानं आधीच पाहिली होती. काही दिवसांनी पापणीच्या केसाएवढी पिलं पाण्यात तरंगू लागली. जप्तीत नसलेले मासे पुराव्यात धरायचे की नवा गुन्हा मानायचा, हे विचारायला व्हर्लिननं कचेरीत फोन केला. तिथं कोणालाच माहीत नव्हतं. कोणीतरी म्हणालं की तज्ज्ञाची नेमणूक झाली की विचारू. मिस डेल्फियानं मागच्या खोलीत दुसरी टाकी मांडली, मग तिसरी. त्यांच्यासाठी ती डोळ्यांना न दिसणारं खाणं बरणीत वाढवायची. सकाळी ओढ्यावर, दिवसा दुकानात, आणि मधल्या वेळात पिलांच्या दिमतीला. मला ती त्या काळात जितकी सुखात दिसली तितकी नवरा असतानाही दिसली नव्हती.

ओढ्यात मात्र कंदील यायचे थांबले होते. वरच्या अंगाला रस्ता रुंद केला, तेव्हा दोन पावसाळी महिने पाणी चहासारखं वाहिलं आणि खडीवर गाळ बसला. तिच्या जाळ्यात मिनो यायचे, कंदील नाही. नाहीसे झाले की वर सरकले, हे पाहायला माणूस नव्हता. आणि पाहायचं कसं, तेही व्हर्लिनला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं कचेरीला कळवलं. कचेरीनं आभार मानले.

अशात सरकारी वकिलाच्या जागी एक नवी बाई आली. हुशार आणि कामसू. जुन्या केसेस बघताना तिला ही सापडली, आणि एका म्हातारीला माशांवरून इतकी वर्षं खेटे घालायला लावल्याची तिला मनापासून शरम वाटली. तिनं व्हर्लिनला बोलावून सांगितलं की पुढच्या तारखेला सरकार खटला मागे घेणार. मिस डेल्फियाला शिक्षा नाही, दंड नाही, परवाना जसाच्या तसा. व्हर्लिन खूश झाला, जिना उतरता उतरता थांबला आणि परत वर गेला. मासे कुणाकडे जाणार?

तिनं पुस्तक काढून पाहिलं. खटला मागे घेतला की माल मालकाला परत द्यायचा. पण हा माल जवळ ठेवणं हाच गुन्हा, म्हणून तो परत देता येत नाही. टाकीत वाढलेले मासे रोग नेतील म्हणून तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय ओढ्यात सोडता येत नाहीत. राहिलं खातं, आणि खात्याची बाटली व्हर्लिनला ठाऊक होती. यावर काहीच इलाज नाही का, असं त्यानं विचारलं. त्या बाईनं प्रामाणिकपणे सांगितलं की एकच आहे. आरोपीला शिक्षा झाली, तर जप्त माल सरकारचा होतो आणि तो कुठं, कुणाकडे ठेवायचा हे जज्ज ठरवू शकतात. पण शिक्षा झाली तर परवाना दहा वर्षांसाठी जातो, आणि त्या ओढ्याच्या राखीव पात्रात पाऊल टाकायची बंदी येते. त्या वयाच्या बाईला असा सल्ला कोण देईल, असंही ती म्हणाली.

तो गुरुवार नव्हता, तरी व्हर्लिन दुकानात आला. पिशवी नव्हती. मिस डेल्फियानं त्याचं तोंड पाहिलं आणि दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली. आम्ही ओले कपडे घेऊन बाहेर पडलो. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं.

सरकार खटला मागे घेणार, ही बातमी त्यानं सांगितली. दुसरा रस्ता सांगायचा नाही असं तो ठरवून आला होता. आपण दोघं मिळून आणखी तारखा मागू, असंच तो बोलत राहिला. पण त्याला खोटं बोलता येत नाही, आणि तिच्यासमोर तर नाहीच.

"दुसरं काहीतरी आहे," ती म्हणाली. "तू लहानपणी पण असंच बुटाकडे बघायचास."

मग त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "तुम्ही हे करायचं नाही, मिस डेल्फिया. मासेच आहेत. ओढ्याशिवाय तुम्ही काय कराल?"

"कपडे धुवीन."

"थट्टा नको."

"थट्टा नाही रे." ती टाकीजवळ गेली. पिलांतली काही आता मोठी होऊन पोटाला रंग धरू लागली होती. "ओढ्याला माझी गरज नाही, व्हर्लिन. मला त्याची आहे. यांना मात्र माझी आहे. एवढाच हिशेब."

व्हर्लिन रडला. त्यानं ते लपवलं नाही, आणि तिनंही दुसरीकडे पाहिलं नाही. वाळलेल्या कपड्यांतला कोणाचा तरी टॉवेल तिनं त्याला दिला.

तारखेच्या दिवशी कोर्टात आम्ही बरेच जण होतो. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सरकारी वकीलबाईनं उभं राहून खटला मागे घेत असल्याचं सांगितलं. जज्ज लव्हडे मोकळेपणानं हसले. त्यांचेही कपडे त्याच दुकानात धुतले जातात.

"मिस डेल्फिया, झालं. तुम्ही घरी जा."

ती उठली. "साहेब, त्याआधी मला गुन्हा कबूल करायचाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. जज्जांनी तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जज्जांनी व्हर्लिनला विचारलं की हा काय प्रकार आहे. व्हर्लिननं उभं राहून सांगितलं. टाकी, स्पिरिटची बाटली, रिकामी जागा, सगळं. सांगताना तो एकदाही 'मला वाटतं' असं म्हणाला नाही. जज्जांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मासे ठेवले होते?" त्यांनी तिला विचारलं.

"ठेवले होते. बेकायदा आहे हे कळल्यावर जास्त काळजीनं ठेवले."

"शिक्षा झाली तर परवाना जाईल."

"हो."

"दहा वर्षं. त्या ओढ्यात तुम्हाला उतरता येणार नाही."

हातातली टोपी तिनं एकदा उलटी केली, सुलटी केली.

"जाळं नाही, ते कळलं. नुसते पाय पण नाही?"

"पाय पण नाही," जज्ज लव्हडे म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"कबूल," ती म्हणाली.

निकाल छोटासा होता. आरोपी दोषी. परवाना रद्द. पात्रात प्रवेशबंदी. जप्त केलेले मासे आणि त्यांची पुढची पिढी ही राज्याची मालमत्ता. खात्यात लायक अधिकारी नेमला जाईपर्यंत ती सध्याच्याच जागी, वॉर्डनच्या देखरेखीखाली राहील. वकीलबाई बाहेर पडताना मिस डेल्फियापाशी थांबली. मिस डेल्फियानं तिचा दंड थोपटला आणि विचारलं की तुझे कपडे कुठं धुतेस.

पाटीवरची 'जिवंत आमिष' ही बाजू व्हर्लिननं शिडी लावून पांढऱ्या रंगानं पुसली. दुसरं कोणी पुसावं हे त्याला बरं वाटेना. मागचा हौद रिकामा करून तिथं पिलांच्या टाक्या आल्या. आमिष घ्यायला लोक आता मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर जातात, आणि तिथले मिनो लवकर मरतात अशी तक्रार करत कपडे धुवायला इकडे येतात. मी पुलावर आलो की सवयीनं वेग कमी करायचो. धुकं असायचं, टोपी नसायची.

हिवाळा गेला. डॉगवुड फुलला. रस्त्याचं काम संपून वर्ष झालं होतं आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं होतं. एका गुरुवारी व्हर्लिननं मिस डेल्फियाला गाडीत घेतलं आणि पुलाच्या वरच्या बाजूला, जिथं पाणी खडीवरून उथळ वाहतं, तिथं आणलं. मला त्यांनी बरोबर घेतलं ते टॉवेल आणि गरम कॉफी सांभाळायला. व्हर्लिननं खेळण्यांच्या दुकानातून डोळ्यांवर लावायचा पोहण्याचा चष्मा आणला होता, निळा, लहान मुलांचा. खात्याकडून माणूस येईल तेव्हा येईल. कंदील कसा दिसतो हे आता निदान एका वॉर्डनला पक्कं ठाऊक होतं.

तो पाण्यात पालथा पडला तेव्हा थंडीनं त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो चर्चमधला नव्हता. मग त्यानं तोंड पाण्यात घातलं आणि हळूहळू दगड धरत वर सरकू लागला. त्याच्या पाठीवरून पाणी दुभंगून जात होतं. झाडांच्या पाकळ्या वाहत येऊन त्याच्या खांद्याशी अडत होत्या. कितीतरी वेळ तो असा होता. मला वाटलं, झोपला की काय.

मिस डेल्फिया काठावर उभी होती. घरातले बूट, वर चर्चची टोपी. ती त्याच्या सरकण्याबरोबर काठाकाठानं चालत होती. मग तो थांबला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला त्याचं डोकं स्थिर झालं. आम्ही दोघंही थांबलो.

त्यानं तोंड वर काढलं. ओठ निळे पडले होते.

"आहे," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "मिस डेल्फिया, आहे. नर आहे. पेटलाय नुसता. बाजूला दोन माद्या."

तिनं तोंडावर हात ठेवला.

"या," तो म्हणाला. "अगदी इथंच आहे, गुडघाभर पाणी. चष्मा घ्या आणि बघा. मी रस्त्याकडे तोंड करतो. मी काही पाहिलं नाही."

त्यानं चष्मा काढून तिच्यापुढे धरला आणि खरंच पाठ फिरवली. माझ्याकडे पाहून मलाही खूण केली. मी फिरलो नाही.

ती पाण्याच्या अगदी कडेला आली. खाली वाकली. तिथून फक्त आभाळ दिसत असणार, पाण्यात पडलेलं. तिचा हात बुटाच्या नाडीपर्यंत गेला, तिथं थांबला, आणि मग ती सरळ झाली.

"नको," ती म्हणाली. "नुसती आरोपी होते तेव्हा आले असते. आता शिक्षा झालीय. ती मी मागून घेतलीय." मग हळू म्हणाली, "तू बघ. नीट बघ, आणि मला सांग काय करतोय ते."

व्हर्लिननं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा चढवून पुन्हा पाण्यात तोंड घातलं. त्याच्या अंगाची एक बारीक लाट काठाकडे आली आणि तिच्या बुटाच्या टोकाला लागली. मिस डेल्फियानं पाय उचलून कोरड्यावर, एक पाऊल मागे ठेवला.